फौजेतून स्टीअरिंगकडे: आधी लायसन्स, मग नोकरी, गाडी सर्वांत शेवटी

लाखनी तालुक्यातल्या गडेगावला १९८० च्या दशकापासून अशोक लेलँडचा कारखाना आहे. गावातून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. तो सुरतजवळच्या हजिऱ्याला सुरू होतो आणि ओडिशातल्या पारादीप बंदराला संपतो. पश्चिमेला पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपास नागपूर, पूर्वेला साकोली-देवरी ओलांडली की छत्तीसगड. भिलाईचे पोलाद, चंद्रपूर-वणीचा कोळसा, तुमसरकडचे मँगनीज, आपल्याच राइस मिलमधला तांदूळ, सगळे या भागातून ट्रकवर चढून जाते. एवढा मोठा व्यवसाय दारात उभा असताना मुलगा ‘मी ट्रकवर जातो’ म्हणाला की घरात शांतता पसरते. आईला अपघात दिसतो, वडिलांना दारू दिसते आणि मामा विचारतो, मुलगी कोण देणार?

ही भीती खोटी नाही. तिची उत्तरे पुढे देतो. पण माझ्यासमोर सध्या एक वेगळा प्रश्न वारंवार येतो आहे आणि त्यात घाईने घेतलेला एक निर्णय घर बुडवू शकतो, म्हणून आधी तोच घेतो.

भंडारा जिल्ह्यातून सैन्यात आणि केंद्रीय पोलीस दलांत जाणारी पोरे पुष्कळ. सैन्यात पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून जवान परततो तेव्हा त्याचे वय पस्तीस ते चाळीस असते. मुले शाळेत, आईवडील थकलेले, शेती धानाची आणि तीही दोन-तीन एकरांची. पेन्शन असते, पण तिच्यात शिकवण्या आणि दवाखाना दोन्ही बसत नाही. काही जण घरच्या अडचणीमुळे पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी बाहेर पडतात. त्यांना नियमित पेन्शनही नसते. आणि आता तिसरा गट येतो आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस पहिल्या तुकडीची भरती झाली. चार वर्षे मोजली तर २०२६ च्या अखेरीपासून पहिले अग्निवीर घरी परतू लागतात. त्यांच्यातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश मुलांना सैन्यात कायम करायचे आहे. उरलेल्यांच्या हातात सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये असतील. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि योजना जशी जाहीर झाली त्यानुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

या तिन्ही गटांतल्या ज्याला गाडी चालवता येते, त्याला गावात पहिला सल्ला मिळतो तो असा: डाऊन पेमेंट भर, ट्रक काढ, स्वतःचा मालक हो. ओळखीचा कुणी फायनान्सवाला दुसऱ्याच दिवशी घरी येतो.

माझे स्पष्ट मत आहे की पहिल्या तीन वर्षांत ट्रक घेऊ नये. ट्रक चालवायला मात्र जरूर जावे.

कारण आकड्यांत पाहा. नव्या बारा टायरच्या ट्रकची किंमत आज चाळीस लाखांच्या घरात जाते. समजा दहा लाख रोख भरले आणि तीस लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ६५ हजारांच्या आसपास बसतो. पाच वर्षांत तीस लाखांचे एकोणचाळीस लाख होतात. ते दहा लाख म्हणजे अग्निवीराचा जवळजवळ सगळा सेवानिधी. आणि त्यातला निम्मा हिस्सा चार वर्षे त्याच्याच पगारातून कापलेला. हप्त्याशिवाय विमा आहे. एवढ्या मोठ्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमाच वर्षाला चाळीस हजारांवर जातो. एक टायर वीस हजारांच्या वर, आणि गाडीला बारा. डिझेल आणि टोल रोखीने, आजच. भाडे मात्र ट्रान्सपोर्टवाला दीड-दोन महिन्यांनी देतो, तेही त्याचे कमिशन कापून. रायपूरपर्यंत माल नेला आणि परतीचे भाडे मिळाले नाही तर दोनशे किलोमीटर गाडी खाली आणावी लागते. नव्या माणसाला परतीचे भाडे सहजासहजी मिळत नाही, कारण ते ओळखीवर मिळते आणि ओळख व्हायला वर्षे लागतात. दोन महिने गाडी गॅरेजला उभी राहिली की तिसऱ्या हप्त्याला बायकोचे दागिने निघतात. बँकेने ओढून नेलेल्या गाड्यांच्या मागे बहुतेक वेळा हीच हकिकत असते. हे मालक आळशी नसतात, धंदा शिकण्याआधी कर्ज घेतलेले असतात.

आता जाणून घेऊ, पैसे जवळजवळ नसताना सुरुवात कशी करायची.

पहिली पायरी लायसन्सची. मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू गाडी चालवायला वय किमान २० हवे आणि अवजड वाहनाचे लर्निंग लायसन्स काढण्याआधी हलक्या मोटारीचे, म्हणजे एलएमव्ही, लायसन्स किमान एक वर्ष हातात असायला हवे. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या लायसन्सची चाचणी द्यायची. अवजड वाहनासाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरचे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागते. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये गेली. अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर, काम भंडाऱ्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात. सरकारी फी फार नाही. मोठा खर्च ड्रायव्हिंग स्कूलचा असतो, म्हणून शाळा निवडताना एकच पाहा: प्रत्यक्ष अवजड गाडीवर किती तास बसवतात. कागद हातात देणारी शाळा स्वस्त पडते, पण पुढे पहिल्या घाटात ती महाग पडते.

ज्या जवानाने फौजेत एमटीमध्ये, म्हणजे मोटार ट्रान्सपोर्टमध्ये, काम केले आहे त्याच्यासाठी कायद्यात एक महत्त्वाची सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. सैन्यदलांच्या गाड्या चालवण्याचा परवाना कायद्याच्या कलम १८ खाली दिला जातो. त्यावर खासगी ट्रक चालवता येत नाही. परंतु ज्याच्याजवळ असा परवाना आहे किंवा होता, त्याला त्याच प्रकारच्या वाहनाचे नागरी लायसन्स काढताना चाचणीतून सूट देण्याची तरतूद कलम ९ मध्ये आहे. त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून युनिट सोडण्याआधी लष्करी ड्रायव्हिंग लायसन्स, ट्रेडचे प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज बुकातली ट्रेडची नोंद हे सगळे नीट, शिक्क्यासह मागून घ्या. घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसला पत्रे लिहीत बसण्यापेक्षा शेवटच्या महिन्यात क्लार्कच्या टेबलासमोर उभे राहणे सोपे.

अवजड लायसन्स मिळाले तरी दुसरी भिंत उभी असते. चांगली कंपनी दोन-तीन वर्षांचा अनुभव मागते आणि अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही. इथे ६ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल कामाला येतो. साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, तिच्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, छोटे चारचाकी ट्रक ही सगळी वाहने अवजड लायसन्सची वाट पाहत असतानाच चालवता येतात. लाखनी-भंडारा-नागपूर या पट्ट्यात भाजीपाला, किराणा, पार्सल, औषधे, सिमेंटची किरकोळ वाहतूक या गाड्यांवर चालते. मालकाच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर म्हणून एक वर्ष काढा. रोज घरी जेवायला येता येते, शहरात गाडी मागे घ्यायची सवय होते, आणि बिल्टी, ई-वे बिल, फिटनेस, पीयूसी, परमिट ही कागदपत्रे हाताखालून जातात. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या, ५० हजार रुपयांहून जास्त किमतीच्या मालाला ई-वे बिल लागते आणि साधारणपणे २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. मुदत संपलेल्या बिलावर गाडी अडली तर दोन दिवस रस्त्यावर ड्रायव्हरच बसतो, मालक नाही. हे शिक्षण छोट्या गाडीवर स्वस्तात होते.

दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या गाडीवर सेकंड ड्रायव्हर म्हणून जाणे. पस्तीस-चाळिशीच्या, नाईक किंवा हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पंचवीस वर्षांच्या उस्तादाच्या हाताखाली बसणे जड जाते, हे मला कळते. तरी सहा महिने बसावे. फौजेत गाडी ताफ्यात चालते, पुढेमागे आपलीच माणसे असतात, रस्ता आधी पाहिलेला असतो. इथे समोरून चुकीच्या बाजूने ट्रॅक्टर येतो, रात्री अंधारात उसाची किंवा तणसाची गाडी बिनदिव्यांची उभी असते, आणि टोलनाक्यापुढे कुणीतरी अचानक उतरतो. हा रस्ता वेगळा आहे आणि तो शेजारच्या सीटवरून शिकणे सुरक्षित आहे.

फौजेत मिळालेले एक शिक्षण मात्र नागरी रस्त्यावर सोन्याच्या मोलाचे ठरते. एमटीमधल्या प्रत्येकाला गाडीची फर्स्ट परेड, हॉल्ट परेड आणि लास्ट परेड पाठ असते. गाडी निघण्यापूर्वी तेल, पाणी, हवा, ब्रेक, नट. थांब्यावर टायरला हात लावून उष्णता पाहणे. रात्री गाडी लावताना बिघाडाची नोंद. खासगी ट्रकवर हे करणारे ड्रायव्हर कमी आहेत. ज्या मालकाच्या पन्नास गाड्या आहेत त्याचे सर्वांत मोठे नुकसान डिझेलचोरी, टायर आणि रस्त्यात बंद पडलेली गाडी यांत होते. त्याला जर दिसले की या माणसाच्या गाडीचे टायर जास्त चालतात, अ‍ॅव्हरेज बरोबर येते आणि डायरी भरलेली असते, तर तो त्याला सोडत नाही. म्हणून मुलाखतीला जाताना ‘मी फौजी आहे, प्रामाणिक आहे’ एवढेच सांगू नका. एक वही दाखवा, जिच्यात तुम्ही चालवलेल्या छोट्या गाडीच्या रोजच्या नोंदी आहेत. मी ज्यांना हा सल्ला दिला त्यांना वही पाहून मालकाने खुर्ची दिली, असा अनुभव आला आहे.

आता ज्या कामात माजी सैनिकाला खरोखर वरचढ जागा आहे ते सांगतो. धोकादायक मालाची वाहतूक. पेट्रोल-डिझेलचे टँकर, गॅसचे टँकर, रसायने, स्फोटके. नागपूर हे या कामाचे देशातले एक मोठे केंद्र आहे. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था ‘पेसो’, तिचे मुख्यालय नागपुरात. बाजारगावच्या सोलर इंडस्ट्रीजसारखे स्फोटकांचे कारखाने जवळ, तेल कंपन्यांचे खापरी-बोरखेडीचे डेपो जवळ. अशी गाडी चालवायला केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९ नुसार तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर नोंद करून घ्यावी लागते. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते, कारण गाडीत असलेल्या ट्रेम कार्डावर माल सांडला तर काय करायचे, आग लागली तर कशाने विझवायची, हे लिहिलेले असते. ही नोंद २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षे चालते, पुढे पुन्हा प्रशिक्षण घेऊन वाढवावी लागते. साध्या मालवाहू लायसन्सची मुदत पाच वर्षे.

तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि थोडे इंग्रजी. दारूगोळ्याच्या डेपोत काम केलेल्या, फायर ड्रिल केलेल्या, आदेश शब्दशः पाळायची सवय असलेल्या माणसाला हे अवघड नाही. या गाड्यांना वेगमर्यादा कडक असते, थांबे ठरलेले असतात, रात्रीच्या प्रवासावर अनेक कंपन्यांचे निर्बंध असतात. घरच्यांना ‘स्फोटकांची गाडी’ ऐकून धडकी भरते, पण शिस्तीत चालणाऱ्या टँकरवर बसलेला ड्रायव्हर हा ओव्हरलोड गिट्टीच्या टिप्परवर बसलेल्या ड्रायव्हरपेक्षा अधिक सुरक्षित आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो.

ओव्हरलोडचा विषय निघाला आहे तर थांबून बोलू. २०१९ पासून जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. दंड मालकाने भरला तरी ब्रेक न लागल्याने जो अपघात होतो त्याचा गुन्हा ड्रायव्हरच्या नावावर. ‘सगळेच भरतात’ म्हणणाऱ्या मालकाची नोकरी सोडून द्यावी, घरात पैशाची कितीही ओढ असली तरी. अपघातानंतरच्या शिक्षेबद्दलही बोलू. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभरचे ट्रकचालक संपावर गेले होते ते आठवत असेल. भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून गेलेल्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम आले होते, त्याविरुद्ध तो संप होता. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा ते कलम लागू केले गेले नाही. तरी ड्रायव्हरने एक गोष्ट पक्की ठरवावी: अपघात झाला तर ११२ ला फोन करायचा आणि जमावाची भीती असेल तर थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हायचे.

नोकरी कुठे शोधायची? माजी सैनिकाने सर्वांत आधी भंडाऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पुनर्रोजगारासाठी नाव नोंदवावे. नोंदणीला पैसे लागत नाहीत, तरी कितीतरी जण ओळखपत्र काढून परत जातात आणि नोकरीची नोंद करायची विसरतात. राज्याच्या माजी सैनिक महामंडळाकडे, ‘मेस्को’कडे, स्वतंत्र चौकशी करावी. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाची कोळसा वाहतुकीची एक जुनी योजना आहे, तिच्याखाली निवृत्त अधिकाऱ्यांच्या कंपन्या कोल इंडियाच्या खाणींत कोळसा भरण्याचे आणि वाहण्याचे काम घेतात. आपल्या बाजूच्या वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपूरलाच आहे. अशा कंपनीत माजी सैनिक ड्रायव्हरला आपली भाषा बोलणारी माणसे भेटतात. शिवाय राज्य शासनाच्या गट क आणि ड च्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यात वाहनचालकाची पदेही येतात. जाहिरात कधी येईल त्याचा भरवसा नसतो. म्हणून जाहिरातीची वाट पाहत घरी बसू नये, गाडी चालवत चालवत अर्ज करावेत. एसटीच्या चालक भरतीतही अवजड वाहनाचा अनुभव विचारला जातो, म्हणजे ट्रकवर घालवलेली वर्षे तिथेही मोजली जातात.

खासगीत नागपूरच्या वाडी आणि कापसी भागात वाहतूक कंपन्यांची कार्यालये आहेत, बुटीबोरीला कारखाने आहेत. जिल्ह्यात वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. तिथे जाऊन उभे राहा, पण दोन-तीन ड्रायव्हरांशी चहा पिऊन मगच मालकाच्या केबिनमध्ये शिरा. पगार दर महिन्याला होतो की ट्रिपवर? भत्ता किती, तो आगाऊ मिळतो की मागाहून? गाडी लोडिंगसाठी दोन दिवस उभी राहिली तर त्या दिवसांचे काय? डिझेल कमी निघाले तर कापतात का, आणि कोणत्या हिशेबाने? पीएफ आहे का? गाडीच्या विम्यात ड्रायव्हर-क्लीनरची जोखीम भरलेली आहे का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच कुणी विचारत नाही. कामगाराला नुकसानभरपाईचा कायदेशीर हक्क १९२३ पासून आहे, ड्रायव्हर त्यात येतो. पण मालकाने विमा घेतला नसेल तर विधवेला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. स्वतःहून वर्षाला २० रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा, २ लाखांचा, बँकेत लगेच सुरू करावा. ४३६ रुपयांचा जीवनज्योतीही.

आणि मूळ लायसन्स कुणाच्याही टेबलावर ठेवायला देऊ नये. प्रत द्यावी. लायसन्स अडकवून ठेवणारा मालक पुढे पगारही अडकवतो.

ज्या पालकांना वाटते की हे अडाण्याचे काम आहे, त्यांना मी योगिता रघुवंशी यांच्याबद्दल सांगतो. नंदुरबारला वाढलेल्या, वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेतलेल्या, लग्नानंतर भोपाळला गेलेल्या. नवऱ्याचे अपघातात निधन झाले, पदरी दोन लहान मुले. घरी थोडा वाहतुकीचा धंदा होता. आधी त्यांनी ड्रायव्हर ठेवला; त्याने गाडी ठोकली आणि तसाच पळून गेला. तेव्हा त्या स्वतः स्टीअरिंगवर बसल्या, शिकल्या, देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माल पोहोचवू लागल्या आणि मुलांना शिकवले. ज्याला गाडी चालवता येत नाही, ब्रेकचा आवाज कळत नाही, तो मालक झाला तरी दुसऱ्याच्या हातात असतो, हे त्यांच्या अनुभवावरून दिसते. आधी चालक व्हा या माझ्या आग्रहामागे हेही कारण आहे.

आता घरातली भीती. अपघाताचे मोठे कारण झोप. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला दहा तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगत आला. रस्त्यावर ते फारसे पाळले गेले नाही. घरच्यांनी फोन करून ‘कुठे पोहोचलास’ विचारण्याऐवजी ‘किती झोपलास’ विचारावे. ‘लवकर ये, पूजा आहे’ असा निरोप रात्री दहाला देऊ नये. लग्नकार्याची तारीख ट्रिप ठरण्याआधी सांगावी. खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, सवय आपल्या भागात घरोघरी आहे आणि जागे राहण्यासाठी म्हणून ती ट्रकवर दुप्पट होते. तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण पाहिलेल्या या जिल्ह्याला मी आणखी काय सांगावे. साखर, रक्तदाब आणि डोळे वर्षातून एकदा तपासा. पाठीचे दुखणे येते. महिन्यातले वीस दिवस बाहेर जातात, मुलाचा पहिला दात आणि शाळेचा पहिला दिवस हुकतो. हे सगळे लग्न ठरवताना मुलीच्या घरी मोकळेपणाने सांगावे. २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे, नागपूरच्या मे महिन्यात ती मोठी गोष्ट आहे. पण सगळ्या जुन्या गाड्या बदलायला वर्षे जातील.

जी मुले आज पहाटे भरतीसाठी धावत आहेत, त्यांच्या आईवडिलांनी एक काम या वर्षीच करावे. मुलाला १८ पूर्ण झाले की एलएमव्ही लायसन्स काढून द्या. अग्निवीर म्हणून गेला तरी ते लायसन्स चार वर्षे जुने होत राहील, आणि परत आल्यावर अवजड लायसन्ससाठी वर्षभर थांबावे लागणार नाही. बारावीनंतर भरती हुकली तर आयटीआयचा डिझेल मेकॅनिक किंवा मोटार मेकॅनिक ट्रेड करून मग ट्रकवर जावे. इंजिन उघडता येणारा ड्रायव्हर कुठेही उपाशी राहत नाही, आणि पन्नाशीत स्टीअरिंग झेपेनासे झाले की तोच गाड्यांच्या ताफ्याचा सुपरवायझर होतो. पद्धतशीर शिकायचे असेल तर छिंदवाड्याजवळ लिंगा इथे अशोक लेलँडचे चालक प्रशिक्षण केंद्र आहे, नागपूरहून ते जवळ पडते. पुण्यात नाशिक फाट्याला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था, सीआयआरटी, आहे.

सेवानिधीचे पैसे आले की ते आईचे किंवा बायकोचे नाव जोडून बँकेत मुदत ठेवीत ठेवा आणि तीन वर्षे हात लावू नका. तीन वर्षे चालवून झाल्यावर, दोन-तीन ठरलेले ग्राहक, परतीच्या भाड्याची एक पक्की वाट आणि सहा हप्त्यांइतकी रोकड वेगळी असेल, तरच गाडीचा विचार करा. तोही आधी छोट्या गाडीचा. मुद्रा योजनेत तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते, पिकअपसाठी तेवढे पुरते. ती दोन वर्षे नीट चालली तर बँक स्वतःहून मोठ्या गाडीचे विचारायला येते.

परदेशी ड्रायव्हरच्या नोकऱ्यांबद्दल शेवटी सांगतो, कारण परतलेल्या फौजींच्या मोबाइलवर हे संदेश सर्वांत जास्त येतात. आखाती देशांत ट्रकचालकांना काम आहे, हे खरे. पण एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी पाहा. नोंदणीकृत एजंटाला कायद्याने ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दोन-तीन लाख मागणारा, टुरिस्ट व्हिसावर पाठवतो म्हणणारा, किंवा ‘सैन्यात मदतनीसाचे काम, भरपूर पगार’ असे सांगून रशियाचे नाव घेणारा भेटला तर त्याच दिवशी लाखनी पोलीस ठाण्यात जा. मदतनीसाच्या नोकरीच्या नावाखाली नेलेली भारतीय मुले तिथे लढाईच्या आघाडीवर पोहोचली आणि काही परत आली नाहीत. परदेशी नोकरीचा कागद कुणीही दाखवला तर सही करण्याआधी तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन वाचून घ्या. तिथला कर्मचारी तुमच्याच घरच्या माणसासारखा फौजेतून आलेला असण्याची शक्यता मोठी आहे.